टाकाच्या जागी सुपारी

कादंबरीकार खटावकर जिना चढून वर आले, तेव्हा आबासाहेब इंगवले चिंचेच्या कोळाने देव घासत बसले होते.

हे काम पूर्वी त्यांची बायको करायची. ती गेली, पण दर सोमवारी देव उजळायचा तिचा नेम आबासाहेबांनी मोडला नाही. बेचाळीस साली त्यांनी फौजदारकी सोडली, साताऱ्यात खाजगी तपासाची कामं घेऊ लागले, दाढीसुद्धा मनाला येईल तेव्हा करू लागले. देव मात्र सुटले नाहीत. रोजची आंघोळ आणि पिढ्यांचं घासणं यांनी त्या चांदीच्या टाकांवरचे चेहरे पार पुसून गेले होते. खंडोबाच्या बुडाखाली घोडा आहे की बैल, हे आता इंगवल्यांच्या श्रद्धेवरच अवलंबून होतं.

शेजारी नानासो बसले होते. त्यांचा खाली छापखाना होता, आणि छापखान्यात काम नसलं की ते वर असत. म्हणजे बहुतेक वेळ वरच असत. खटावकरांना पाहताच ते उठून उभे राहिले. ‘डावखुरा स्वार’ ही खटावकरांची कादंबरी त्यांनी इतक्या वेळा वाचली होती की खुद्द खटावकरांनीही ती तितक्यांदा वाचली नसेल.

“आबासाहेब,” खटावकर बसायच्या आधीच म्हणाले, “माझा सिदोजी चोरीला गेला.”

सिदोजी म्हणजे त्या कादंबरीचा नायक. आबासाहेबांनी हात धुतले.

“कादंबरीतला माणूस चोरीला कसा जातो?”

“त्याचा टाक गेला. काल. कराडच्या वाचनालयात, भरल्या सभेत.”

नानासो हळहळले. काल तेही त्या सभेला होते. वाचकांनी प्रश्न विचारायचे आणि खटावकरांनी उत्तरं द्यायची, असा तो कार्यक्रम होता. असल्या प्रत्येक कार्यक्रमाला खटावकर तो टाक बरोबर नेत. हातभर लाल फडक्यावर ठेवलेला चांदीचा घोडेस्वार, आणि तलवार डाव्या हातात. वीर म्हणून पडलेल्या माणसाचा टाक करून तो घरच्या देवांत बसवायचा, ही आपल्याकडची रीत. खटावकरांना तो तीन वर्षांपूर्वी म्हसवडच्या यात्रेत, जुनी चांदी मोडीत घेणाऱ्या दुकानात सापडला. त्यावरूनच त्यांना नायक सुचला.

“प्रस्तावनेत मी लिहिलंय,” खटावकर म्हणाले, “की बखरींत नाव नसलेल्या एका वीराचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा. आता पुरावाच गेला. आणि चोराने वर थट्टा केलीय. हे पाहा.”

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. आत एक सुपारी होती आणि चिमूटभर तांदूळ.

“फडक्याचंच टोक टाकावर ओढून झाकलं होतं. निघताना उचललं, तर खाली हे. तांदळावर सुपारी.”

आबासाहेबांनी सुपारी उचलून खिडकीपाशी नेली. ती गुळगुळीत होती. खाचांत कुंकू काळं पडून दगडासारखं घट्ट बसलं होतं. त्यांनी तिचा वास घेऊन पाहिला आणि ती पुन्हा तांदळावर ठेवली, अगदी हळूच.

“सुपारीचं काय घेऊन बसलात? माझा संशय इमामवर आहे. वाचनालयाचा शिपाई. चहा झाला तेव्हा टेबलाजवळून कपबशा तोच उचलत होता. दुसरा तो बाळासो सराफ. तो मागे टाक विकत मागत होता. उद्या मी चौकीत जाऊन दोघांची नावं देणार.”

“सराफाला वकील मिळेल. इमाम मात्र आत जाईल, आणि सुटला तरी वाचनालय त्याला परत घेणार नाही. तुमचा उद्याचा दिवस मला द्या.”

खटावकर पुरचुंडी बांधून त्यांच्या हाती देत म्हणाले, “आबासाहेब, मला मूलबाळ नाही. रात्री लिहिताना तो टाक समोर असायचा. मी त्याच्याशी बोलायचो. लोक हसतील, म्हणून हे कुणाला सांगत नाही.”

कुणीच हसलं नाही. ताम्हनात पाच देव ओले होऊन पडले होते. आबासाहेब एकेक पुसून जागेवर ठेवू लागले.

“नानासो, काल कोणी काय काय विचारलं?”

नानासोंना हाच प्रश्न हवा होता. “पहिले मास्तर उठले. म्हणाले, सिदोजीचा घोडा अबलख होता याला आधार काय? हे म्हणाले, आधार नाही, आवड आहे. टाळ्या. मग एकाने विचारलं, टाक अस्सल कशावरून? यांनी टाक उचलून दाखवला. दोनशे वर्षं झाली तरी नाक, डोळे, मिशीचा पीळसुद्धा कसा कोरीव आहे पाहा, म्हणाले. मागच्या बाकापर्यंत मिशी दिसली.”

“आणखी?”

“बायकांतून एक उठली. खेडवळ, तरणी. विचारते काय, तो कोणत्या हाताने जेवायचा?” नानासो हसले. “सभा खो खो हसली. हे म्हणाले, डाव्या हाताने तलवार धरणारा डाव्यानेच जेवत असणार. तर ती म्हणाली, न्हाई, उजव्यानंच जेवत आसंल, आय डाव्यानं जेवू द्यायची न्हाई. यांच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासावर ही बाई बोलणार. उचलली जीभ लावली टाळ्याला.”

“बसली का मग?”

“नाही. आणखी एक विचारलं. त्यो मेला हे तुमाला कुणी सांगितलं?”

“मी काय उत्तर द्यायचं ते दिलं,” खटावकर म्हणाले. “बाई, टाक आहे म्हणजे माणूस गेला. जित्या माणसाचा टाक कोणी करत नाही. त्यावर ती खाली बसली.”

आबासाहेबांच्या हातातला टाक पुसून झाला होता. तरी ते पुसतच राहिले.

“टाकाला हात कुणाकुणाचा लागला?”

“माझा. आणि बायकांचा. वीर आहे, हळदकुंकू वाहू द्या म्हणाल्या. नाही कसं म्हणणार? पुरुषांना मी लांबूनच दाखवला. पण बायका बिचाऱ्या पाया पडत होत्या. देवाच्या पाया पडणारं माणूस देव चोरत नाही.”

“सगळ्या पडल्या?”

“ती प्रश्नवाली सोडून,” नानासो म्हणाले. “तिला तेवढीही रीत नाही. नुसती बघत उभी राहिली.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने तिघं कराडला उतरले.

बाळासो सराफ गादीवर बसून कानातल्या कुड्या तोलत होते. टाक चोरीला गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या पेठेला ठाऊक होतं.

“मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू?” ते म्हणाले. “आमच्या धंद्यात वीराचा ठसा तयार असतो. पत्रा ठेवायचा, ठोकायचा, वीर तयार. ठशातला वीर उजव्या हातात तलवार धरतो. हा डाव्या हाताचा. म्हणजे कुणीतरी सोनारासमोर बसून, असाच पाहिजे म्हणून हट्टानं घडवून घेतलाय. तसली वस्तू पुन्हा मिळत नाही. पण मी परवा पुरुषांत बसलो होतो. माझा हात काय गारुड्याचा आहे?”

“घडवून घेणाऱ्याचा हट्ट कशासाठी असेल?” आबासाहेबांनी विचारलं.

“ते त्यालाच ठाऊक. आम्ही घडणावळ घेतो, कारण विचारत नाही.”

वाचनालयात इमाम पुस्तकांवरची धूळ झटकत होता. खटावकरांना पाहताच त्याने फडकं खाली ठेवलं. त्याचं सारं आयुष्य या खोलीत गेलं होतं, आणि आज त्याला तिथं उभं राहायचीही चोरी झाली होती.

“सायेब, म्या त्या फडक्याला शिवलोबी न्हाई,” तो म्हणाला. “दुसऱ्याचा द्येव. आपुन कशाला हात लावावा? बायांनी हळदकुकू वाहिलं. शेवटच्या बाईनं फडकं वडून नीट झाकलं, निजलेल्या पोरावर घालावं तसं. मंग म्या कपबश्या उचलल्या.”

“ती बाई कुठली?”

“तांबेवाडीची. तितलं गुर्जी गाडी जुपून चार मान्सं घिऊन आलतं. ते रोज चावडीवर ह्येंचं पुस्तक वाचून दावत्यात. आख्खं गाव ऐकतंय म्हनं.”

खटावकरांची छाती नकळत थोडी फुगली. आबासाहेबांनी टोपी उचलली.

*

तांबेवाडी कोयनेच्या काठाला. वाटेवर गुऱ्हाळ चालू होतं आणि काहिलीतला रस उकळल्याचा गोड वास लांबवर येत होता. चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या कृष्णात नावाच्या माणसाशी आबासाहेब बाजूला जाऊन काहीतरी बोलले. त्याने हातानेच गावाच्या टोकाचं घर दाखवलं.

“काय विचारलंत?” नानासोंनी विचारलं.

“विचारलं, गावात कुणाच्या घरचा देव हरवलाय.”

“देव हरवलाय? अहो, हरवला तो खटावकरांचा.”

“चला तर.”

अंगणात एक बाई शेंगा निवडत होती. पंचविशीची असेल. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. खटावकरांना ओळखून ती उठली. तोंडावरचा रंग उडाला, पण मान खाली गेली नाही. तिने घोंगडं आणून अंथरलं.

“आत आत्याबाई हायती,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “त्यास्नी दिसत न्हाई, पर ऐकू समदं येतं. काय बोलायचं ते हळू बोला.”

“तुमचं नाव राहीबाई ना?” आबासाहेबांनी विचारलं.

“व्हय.”

आबासाहेब घोंगड्यावर बसले. खटावकर उभेच होते. “हिच्याकडेच असेल तर मागून घ्या आणि चला.”

“बसा, खटावकर. आधी ऐका,” आबासाहेब आवाज उतरवून म्हणाले.

आबासाहेबांनी खिशातून पुरचुंडी काढून मध्ये सोडली. सुपारीकडे पाहताच राहीबाईने ओठ मिटले.

“तुम्ही याला थट्टा म्हणालात. तिथंच चूक झाली. देव कुठं बाहेर न्यायचा झाला, तर त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. तांदळावर सुपारी मांडतात, देव परत येईपर्यंत तीच देव. चांदीसाठी आलेला चोर हे करणार नाही. सराफही नाही, इमामही नाही. ज्याने टाक उचलला, त्याच्या लेखी तो घरचा देव होता.”

“कुठल्याही भाविकाने ठेवली असती सुपारी,” नानासो म्हणाले.

“नवी ठेवली असती. हिच्या खाचांतलं कुंकू बघा. रोज आंघोळ, रोज कुंकू, असं दोन-तीन वर्षं झाल्याशिवाय सुपारी अशी होत नाही. म्हणजे कुठल्या तरी घरात टाक नव्हता, आणि त्याच्या जागी ही बसली होती. परवा टाक सापडला तेव्हा हिचं काम संपलं, म्हणून अदलाबदल झाली.”

खटावकरांनी मान हलवली. “शक्य नाही. टाक दोनशे वर्षांचा आहे.”

“काल तुम्ही आलात तेव्हा मी काय करत होतो? देव घासत होतो. आमच्या खंडोबाला आता नाक उरलेलं नाही, डोळे तर कधीच गेले. पूजेतल्या टाकाचं असंच होतं. तुमच्या सिदोजीच्या मिशीचा पीळ मागच्या बाकापर्यंत दिसला. त्याला फार दिवस कुणी घासलेलंच नाही. खटावकर, आपण सगळे टाक जुना आणि सुपारी नवी समजून चाललो होतो. टाक नवा आहे. सुपारी जुनी.”

खटावकर घोंगड्यावर बसले.

“मग डावा हात,” आबासाहेब पुढे म्हणाले. “ठशातला वीर उजवा असतो. हा सोनाराला सांगून घडवला, कारण घडवणाऱ्याला तो माणूस डोळ्यांपुढे दिसत होता. हे काम आईचं. आणि सभेत या बाईंनी विचारलं, जेवायचा कोणत्या हाताने? उत्तरही त्यांनीच दिलं. तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही, कारण तो अंदाज नव्हता, ओळख होती.”

“पण मग पाया का पडली नाही?” नानासोंनी विचारलं. “देवाची जागा रिकामी ठेवत नाही इतकी जिला चाड, ती हात जोडत नाही?”

“मलाही तिथंच अडलं होतं. कपाळावर कुंकू, हातात चुडा. तिने विचारलं, तो मेला हे कुणी सांगितलं. पाया पडली असती तर मेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं. टाक तिच्या नवऱ्याचा आहे. नवरा पलटणीत होता ना, बाई?”

राहीबाईने खांबाला हात टेकला. आत कुणीतरी खोकलं. आवाज आणखी खाली आणून ती बोलू लागली.

“बर्मात हुतं. तार आली, गावत न्हाईत म्हनून. गावत न्हाईत म्हंजी मेलं व्हय? आत्याबाई म्हनल्या, माज्या जोतीरामला जागा नगं का? सोनाराकडं जाऊन बसल्या. तवा दिसत हुतं त्यास्नी. त्यो घडत हुता आन् ह्या सांगत हुत्या, डाव्या हातात दे तलवार, माजं पोर डावं हाय. घरी आनला, बसिवला. मला म्हनल्या, कुकू लाव.” तिने हातातला चुडा मागे सारला. “जित्या मान्साला फुलं कशी वाहू म्या?”

“मग म्हसवड.”

“यात्रंत द्येव सिद्धनाथाच्या भेटीला न्हेलं. द्येवांची बुट्टी माज्या डोस्क्यावर. त्येवडा एकच काडला आन् मोडीत दिला. वाटलं, वितळून जाईल. वितळला की मेल्याली गोस्टबी गेली. पैका सिद्धनाथाच्या म्होरं टाकला. घरी सांगितलं, गर्दीत पडला. आत्याबाई म्हनल्या, द्येव रुसला, यील परत. सुपारी मांडली. डोळं गेलं तरी रोज चाचपून कुकू लावायच्या.”

“आणि चावडीवर गुरुजींनी कादंबरी वाचली,” आबासाहेब म्हणाले.

“डावखुरा घोडंस्वार, म्हसवडच्या यात्रंत गावला. तवाच कळलं, वितळला न्हाई.” तिने खटावकरांकडे पाहिलं. “लढाई संपली. गावातली समदी आली. म्या मोटारीच्या वाटंला जाती, बघती, परत येती. ह्या आता हातरुनाला खिळल्यात. रोज इचारत्यात, आला का गं द्येव? त्येंच्यासाठी आनला. त्येंचा त्यो द्येव हाय. माजं अजून मानूसच हाय.”

नानासो उगीचच शेंगांकडे बघत होते.

“तुमी इकत घेतल्याला हाय, म्हाईत हाय मला,” राहीबाई म्हणाली. “न्ह्यायचा तर न्ह्या. पर त्यास्नी सांगू नगा म्या मोडीत दिल्ता. आन् त्येंचं डोळं मिटूस्तवर थांबला तर बरं.”

खटावकरांनी सुपारी उचलून पुन्हा रुमालात बांधली. तेवढ्यात आतून हाक आली.

“राहे, कोन आलंया गं?”

“पाव्हनं हायती, आत्याबाई.”

“आत आन की. माजा द्येव बघू दे त्यास्नी.”

राहीबाईची सासू मनुबाई अंथरुणावर उशाला टेकून बसली होती. टाक तिच्या मांडीवर होता. चेहरा तिच्या बोटांखाली झाकला होता आणि अंगठा डाव्या हातातल्या तलवारीवरून फिरत होता.

“रुसून गेल्ता,” ती हसून म्हणाली. “आपल्या पायानं आला. हात लावा, लावा. डावा हाय बघा माजा जोतीराम. तुमी कोन म्हनायचं?”

“मी पुस्तकं लिहितो,” खटावकर म्हणाले. त्यांनी टाकाला हात लावला. इतकी वर्षं रात्री ज्याच्याशी ते बोलत होते, त्याची आई समोर बसली होती. “आई, हा तुमच्याकडेच असू दे. जागच्या जागी आहे.”

बाहेर आल्यावर आबासाहेब आणि नानासो चालू लागले. खटावकर मागे राहिले. अंगणात ते राहीबाईसमोर अवघडून उभे होते. आजवर वाचक विचारत आणि ते सांगत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विचारलं.

“डाव्या हाताने आणखी काय काय करायचे ते?”

राहीबाईला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, “इळा धरायचं. दगुड मारायचं, त्यो लय लांब जायाचा.” ती थोडी लाजली. “जाताना मोटारीतनं हात हलिवला, त्योबी डावाच.”

“घोडा आवडायचा त्यांना?”

“घोड्याला भ्यायचं,” ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. खटावकर तिथंच दगडावर बसले. दिवस कलला तरी त्यांचं विचारणं चालूच होतं, आणि आबासाहेबांनी त्यांना हाक मारली नाही.

*

‘डावखुरा स्वार’ची दुसरी आवृत्ती नानासोंच्याच छापखान्यात छापली. प्रस्तावनेतले दोनशे वर्षांचे दावे खटावकरांनी काढून टाकले आणि टाक ओळखण्यात आपली चूक झाली, असं सरळ लिहिलं. विद्वान मंडळींनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. त्याआधी कराडला जाऊन, वाचनालयाच्या भरल्या खोलीत, त्यांनी इमामची माफी मागितली होती.

पुढचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सांगलीला झाला. टेबलावर तेच लाल फडकं होतं. त्यावर चिमूटभर तांदूळ आणि ती सुपारी.

चष्मेवाले एक गृहस्थ उठले. “पहिल्या आवृत्तीत सिदोजी नदीच्या उताराला लढताना पडतो. दुसऱ्या आवृत्तीत तो नदी ओलांडून धुक्यात जातो, आणि पुस्तक संपतं. खरं काय? सिदोजी मेला की नाही?”

सभा हसली. खटावकरही थोडे हसले. मागच्या बाकावर आबासाहेबांनी मान वर केली.

“त्याला मरताना पाहिलेलं एकही माणूस मला भेटलं नाही,” खटावकर म्हणाले. “त्याची वाट बघणारं माणूस भेटलं. मी पुरावा म्हणून तेच धरलं.”

गृहस्थांचं समाधान झालं नाही. ते बराच वेळ उभे होते, पण खटावकरांनी पुढचा प्रश्न घेतला.